हात धुऊन मागे

खरूज म्हटलं की माणसं कशी नाक मुरडतात बघा! ताप आला तर चार लोक विचारपूस करतात, पाय मोडला तर फळं घेऊन येतात. पण घरात खरूज शिरली असं कळलं की शेजारीण बोलायची ती दारापासून चार हात लांब उभी राहून. जणू काही यांनीच ती बाजारातून पिशवी भरून आणली. अहो, तो एवढासा किडा, नुसत्या डोळ्यांना धड दिसतसुद्धा नाही. त्याला काय ठाऊक, कोण टापटिपीचं आणि कोण गबाळं! पण हे सांगायचं कुणाला?

आणि शिरावी तरी कुणाच्या घरात, तर फौजदाराच्या. फौजदार म्हणजे कुणी पोलीस नव्हे. त्या घरातली मोठी सून, आता स्वतःच आजी झालेली; पण तिच्या पाठीमागे सगळे तिला फौजदारच म्हणत. तिच्या घरात चप्पल जोडीनेच राहायची आणि ताटलीवर पाण्याचा एक थेंब दिसला तर चौकशी बसायची. खाली नवऱ्याचा सोफे दुरुस्त करायचा कारखाना, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. माणसं मोजकीच: गुडघ्यांनी बेजार झालेले सासरे, त्यांना सगळे नाना म्हणत, नवरा, आणि नवऱ्याचा भाऊ, धाकटा. धाकटा आता तिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा, कारखान्यात रेक्झिन ताणून खिळे ठोकणारा. पण ती लग्न होऊन आली तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं तीच लावून द्यायची, त्यामुळे तिच्या लेखी तो अजून तेवढाच होता.

एरवी खाज आली तर आली, बरी झाली असती. पण वेळ भलतीच होती. तिची लेक दवाखान्यात होती, पहिल्यांदाच बाळंतीण, आणि मुलगी जन्मली होती दिवस भरायच्या आधी. हाताच्या पंजाएवढं ते बाळ काचेच्या पेटीत ठेवलेलं. जावई बोटीवर नोकरीला, समुद्रात. बाळाचं वजन हळूहळू चढत होतं, आणि पुरेसं चढलं की मायलेकी इथेच, या घरी येणार होत्या. आजीने कपाट रिकामं करून ठेवलं होतं. आणि तेवढ्यात नाना कराकरा पोट खाजवायला लागले.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी चौघांनाही ओळीने बसवलं. नानांची बोटं, नवऱ्याची कंबर, धाकट्याची मनगटं भिंगातून पाहिली. फौजदाराच्या अंगावर दोनचार पुळ्या होत्या, त्याही पाहिल्या.

"खरूज आहे," त्या म्हणाल्या. "घाबरू नका, जाते. पण अर्धवट केलंत तर फिरून येते. हे मलम सगळ्यांनी एकाच संध्याकाळी लावायचं, खाज असो नाहीतर नसो. गळ्यापासून तळपायापर्यंत, बोटभर जागा सुटता कामा नये. सकाळपर्यंत अंगावर ठेवायचं, मग आंघोळ. आठवड्याने पुन्हा. खाज नंतरही काही दिवस राहील, तिला भिऊ नका. नवीन पुळ्या येतात का, तेवढं बघा. आणि एक लक्षात ठेवा, लावून झाल्यावर हात..."

"हातांचं माझ्यावर सोडा," फौजदार म्हणाली. "ए धाकट्या, खाजवू नकोस! बाई इथे जीव तोडून सांगतायत आणि तुझं चाललंय काय?"

बाहेर कुणाचं तरी पोर किंचाळलं, पुढचा पेशंट आत आला, आणि ते वाक्य राहिलं ते राहिलंच.

त्या संध्याकाळी घराला लढाईची कळा आली. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, बनियनी, सगळं उकळत्या पाण्यात. जे उकळता येत नव्हतं ते पिशव्यांत गच्च बांधून गच्चीवर. मग तिने एकेकाला धरलं. नानांच्या पायाच्या बोटांमध्येसुद्धा मलम भरलं, ते गुदगुल्यांनी ओरडत असताना. नवऱ्याच्या पाठीला भिंत रंगवावी तसं दोन हात दिले. धाकटा लाजून स्वतःच लावून आला, तरी तिने त्याला दिव्याखाली उभं करून तपासलं.

"वहिनी, किड्यांना आधी नोटीस तरी द्यायची," धाकटा म्हणाला. "बिचारे एकदम रस्त्यावर येतील."

"बडबड बंद. मानेमागे लावलंस?"

सगळ्यांत शेवटी, दार लावून, तिने स्वतःला लावलं. कसूर म्हणून ठेवली नाही. मग साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, दूध तापवलं, सगळ्यांची अंथरुणं घातली आणि समाधानाने आडवी झाली.

आठवड्याने पुन्हा तोच सोहळा. आणि त्यानंतर काही दिवसांनी नानांच्या गुडघ्यामागे नव्या पुळ्या! पाठोपाठ नवऱ्याच्या पाठीवर. फौजदाराचं डोकं फिरलं. इतकं करून? कुणीतरी नक्कीच कामचुकारपणा केला होता, आणि त्या घरात कामचुकारपणाचा संशय कुणावर जायचा हे ठरलेलंच होतं.

"तुझे ते सोफे!" ती धाकट्यावर बरसली. "दुनियेची घाण बसलेली असते त्यांच्यावर, आणि दुपारी तू त्यांच्यावर लोळतोस. तिथून आणतोस आणि घरभर वाटतोस. घरात उद्या तान्हं मूल येणार, काही कळतं का?"

"वहिनी, मी तर..."

"उशी उचल. आजपासून खाली झोपायचं. जेवण मी जिन्यात ठेवत जाईन."

नवरा काहीतरी बोलायला गेला, पण तिचा चेहरा बघून त्याने वर्तमानपत्र उघडलं. धाकट्याने उशी काखेत मारली. दारात थांबून म्हणाला, "हिलाही मलम लावायचं का?" पण हसला नाही. विनोद करून न हसणारा धाकटा तिने कधी पाहिला नव्हता, आणि ते तिला लागलं. पण लागून घ्यायला तिला वेळ नव्हता.

ती एकटीच पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि सोफ्यांची तक्रार मांडली.

"काकू, हा किडा माणसाच्या कातडीवाचून दोन-तीन दिवसांवर तगत नाही," बाई म्हणाल्या. "सोफ्यात नका शोधू, माणसांत शोधा. खरूज आली कुठून ते सोडून द्या. दडलीय कुठे, ते बघा."

फौजदाराने मान डोलावली, पण मनातून काही पटलं नाही. औषधाची नवी चिठ्ठी घेऊन ती तरातरा घरी आली.

त्याच दुपारी लेकीचा फोन आला. बाळ पेटीतून बाहेर आलं होतं, छान दूध पीत होतं. पुढच्या आठवड्याच्या शेवटी घरी सोडणार होते.

"आई, इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. घरात कुणाला खरूज असेल तर हिला तिथे न्यायचं नाही. मग मला सासरीच जावं लागेल. एवढा दिवसभराचा प्रवास, आणि हा चिमुकला जीव... ते म्हणतात प्रवासही नको. खरूज गेली का गं? खरं सांग हं. माझं मन राखायला हो म्हणू नकोस."

हो म्हणणं किती सोपं होतं! नुसतं एक अक्षर. लेक उद्या सामान बांधायला लागली असती. फौजदाराने डोळे मिटले.

"नाही गेली," ती म्हणाली. "पण घालवते. तू येईपर्यंत घालवते. तू इथेच यायचं, दुसरीकडे नाही."

फोन ठेवला आणि ती ताडताड जिना उतरली. खाली धाकटा एका उलट्या केलेल्या खुर्चीच्या पट्ट्या आवळत होता.

"शर्ट काढ."

"अहो वहिनी, दार उघडं आहे!"

"काढ म्हणते ना."

तिने त्याला खिडकीशी नेऊन मनगटं बघितली, काख बघितली, कंबर बघितली. जुने डाग सुकून गेले होते. नवं काही म्हणजे काही नव्हतं. पोरगा स्वच्छ.

"तुला नाही?" ती जवळजवळ चिडून म्हणाली.

"तुम्ही हाकललंत तेव्हा माझ्याबरोबर आली नाही. वरच राहिली असेल, तुमच्या हातचं जेवायला."

तो रोज त्या बदनाम सोफ्यांवर झोपत होता आणि त्याच्या अंगावर पुळी नव्हती. आणि वर, उकळलेल्या चादरींवर झोपणाऱ्या नानांच्या गुडघ्यामागे होती! जिना चढताना ती प्रत्येक पायरीवर थांबत होती. नानांना गुडघ्यामागेच का? नवऱ्याला पाठीवरच का?

वर आली तर नाना तेलाची बाटली घेऊन बसलेले. रोज या वेळेला ती त्यांचे गुडघे चोळून द्यायची, आणि रात्री नवऱ्याची दुखरी पाठ. आजही बसली, चोळले, उठून मोरीपाशी गेली आणि सवयीने साबण उचलला. पलीकडे नवरा लेकीला पुन्हा फोन लावून धीर देत होता.

"अगं, तू कशाला घोर लावून घेतेस? तुझी आई त्या खरजेच्या नुसती हात धुऊन मागे लागलीय!"

फौजदाराच्या हातातला साबण निसटला.

हात धुऊन. सगळ्यांना लावून झालं की ती काय करायची? हात धुवायची. स्वतःला लावायची आणि हात धुवायची. कोपरापर्यंत, साबणाने, बोटांमधून चोळचोळून. बोटभर जागा सुटायला नको होती, आणि तिची दहाच्या दहा बोटं सुटत होती! तिने हात दिव्यासमोर धरून बोटं फाकवली. बेचक्यांत बारीक करड्या रेघा होत्या, पुळ्या होत्या. इतके दिवस ती समजत होती, धुण्याच्या सोड्याने कातडी उतरलीय. या हातांनी नानांचे गुडघे. या हातांनी नवऱ्याची दुखरी पाठ. आणि याच हातांनी पुढच्या आठवड्यात...

तिने पडलेला साबण उचलून मोरीत आपटला. याच हातांनी ती ते बाळ घेणार होती.

"काय झालं गं?" नवरा धावत आला.

"काही नाही," ती म्हणाली. "चोर सापडला."

डोळे भरून आले होते, पण रडत बसणारी ती नव्हे. तशीच पुन्हा खाली गेली.

"उशी घे आणि वर चल."

धाकट्याने हातोडी खाली ठेवली. "का? सोफे सुटले वाटतं?"

तिने दोन्ही पंजे त्याच्यापुढे पसरले. "हे बघ. मलम लावायचे आणि धुवून टाकायचे. बाई तेच सांगत होत्या त्या दिवशी, आणि मी त्यांना बोलू दिलं नाही. तुझ्यावर आळ घेतला. जिन्यात ताट ठेवलं तुला. चुकलं माझं, धाकट्या."

तिला वाटलं, आता हा मनसोक्त टोमणे मारणार, आणि मारलेलेच बरे. पण तो म्हणाला, "माझ्या शर्टाची बटणं लावणारे हात आहेत ते. त्यांना लावायचं कुणी, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा."

त्या संध्याकाळी पुन्हा चादरी उकळल्या, पुन्हा सगळे माखले. पण या वेळी शेवटी फौजदार खुर्चीवर बसली आणि धाकट्याने तिच्या हातांना मलम लावलं. एकेक बेचकं, एकेक नखाची कड, मनगटाची प्रत्येक घडी. रेक्झिन ताणून बसवणारा माणूस तो, बारीक जागा त्याला बरोबर सापडत होत्या. वरून त्याने कारखान्यातले नवे कोरे सुती हातमोजे चढवले.

"आता सकाळपर्यंत कशाला हात लावायचा नाही. पाणी लागलं तर मी पुन्हा लावणार."

"दूध तापवायचंय."

"दादा तापवेल."

दादाने तापवलं आणि निम्मं उतू घालवलं. अंथरुणं घातली ती वाकडी. मोजे घातलेले हात मांडीवर ठेवून ती हे सगळं बघत होती, आणि आतल्या आत तिचा जीव तीळतीळ तुटत होता.

"फौजदार अटकेत!" नाना खो खो हसले, आणि तेव्हा तिला कळलं की हे नाव नानांनाही ठाऊक आहे.

पुढच्या आठवड्यात दुसरी फेरी झाली. डॉक्टरीणबाईंनी चौघांना पुन्हा भिंगाखाली घातलं. फौजदाराच्या बेचक्यांवर त्या सगळ्यांत जास्त वेळ थांबल्या.

"नवीन काही नाही," बाई म्हणाल्या. "आणा बाळाला."

बाळ आलं. लेक दारातून आत आली तेव्हा सगळे तिच्याभोवती जमले, आणि फौजदार मात्र स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून, हात पाठीमागे बांधून उभी राहिली. बाईंनी सांगितलं होतं, भिंगाने पाहिलं होतं, सगळं खरं. पण हातच पुढे होईनात.

"आई, घे ना गं," लेक म्हणाली.

"आधी त्याच्याकडे दे," ती म्हणाली. "धाकट्याकडे. या घरात सगळ्यांत आधी तो बरा झाला."

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. "वहिनी, अहो, हिला धरायचं कुठून?" असं म्हणेपर्यंत लेकीने बाळ त्याच्या हातांवर ठेवलंसुद्धा. तो खांदे आखडून, काच धरल्यासारखा उभा राहिला. बाळाने जांभई दिली. त्याने मान वर केली आणि चौकटीशी उभ्या असलेल्या वहिनीकडे पाहिलं. तिचे लपवलेले हात त्याला दिसत नव्हते, पण कळले.

"तिथे काय उभ्या राहिलात?" तो म्हणाला. "जा, आता मात्र हात धुऊन या."