चांगुणाच्या छातीतली कळ

खरं सांगायचं तर चांगुणाच्या काळजाला काडीचंही काही झालेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पित्तानं छातीत जळजळलं, तेव्हा नवरा अजिनाथ तिला मिरजगावहून नगरच्या दवाखान्यात घेऊन गेला, आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिचा हात हातात धरून म्हणाला, "लई दुखतंय का गं?" झालं! तेवढ्या एका प्रश्नाची बाईला चटक लागली. कळ डाव्या हातात कशी उतरते, जबडा कसा आवळतो, हे सगळं ती शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून शिकली. मग दर दोन-तीन महिन्यांनी कळ यायला लागली. ईसीजी दर वेळी चांगलाच निघतो म्हटल्यावर तिनं शेजारच्या दगडाबाईच्या बीपीच्या गोळ्या पळवल्या. त्या गिळून नाडी अशी मंदावली की या दसऱ्याला डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहूनच दिलं, जड काम कायमचं बंद.

इथंच माशी शिंकली. दोघं दर साली ऊसतोडीला जायची, आणि तिथं नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधणार, तेव्हा मजुरीच्या हिशेबात एक कोयता पुरा होतो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम बजरंगनं चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "मग पोरीला घे की जोडीला."

पोरगी म्हणजे ज्ञानेश्वरी. दहावीला होती, आणि वर्गात पहिली.

टेम्पो दारात लागला त्या सकाळी चांगुणाला राहवेना. सगळ्यांदेखत ती म्हणाली, "अवो ऐका, मला कायबी झालेलं न्हाई. मी सोंग करत हुते. दगडाबाईच्या गोळ्या चोरून खाल्ल्या मी. मी येते, पोरीला ठिवा."

अजिनाथचे डोळे भरून आले. "पोरीपायी जिवावर उदार झालीस व्हय? बस खाली."

"अगं, गोळ्या माझ्याच हातनं हरवत्यात," दगडाबाई म्हणाली. "उगं आळ कशाला घेती अंगावर?"

आता काय करावं या लोकांना! चांगुणानं रागारागानं ज्वारीचं पोतं उचलून पाठीवर घेतलं. तशी चार माणसं धावली, पोतं काढून घेतलं आणि तिचे दंड धरले. दोन वर्षं जी माया तिनं खोटं बोलून मिळवली, तीच आता तिला हलू देईना.

तेवढ्यात ज्ञानेश्वरी पाया पडायला वाकली आणि तिच्या कानाशी लागली. "आई, मला ठावं हाय. गोळ्यांची रिकामी पाकिटं मीच चुलीत घालत हुते."

"मग बोलली का न्हाईस, बये?"

"तू आजारी असलीस की बाबा तुझ्यावर हात उचलत न्हाईत." पोरीनं डोळे पुसले. "आता तू आजारीच ऱ्हा."

ती टेम्पोत बापाशेजारी जाऊन बसली. चांगुणा ओरडत राहिली, आणि दगडाबाईनं तिला धरून आत नेलं, खाटेवर निजवलं, छातीला हळूहळू तेल चोळलं.