दचकलं कोण?

घंटा वाजली आणि माझं बाळ वळलं.

भाड्याच्या हॉलमधल्या दोनशे खुर्च्या एकदम करकरल्या. "ऐकलं! पोरानं ऐकलं!" कुणी रडत होतं, कुणी मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढत होतं. घंटाबाबा, म्हणजे पांढऱ्या बुटांतला एक गुळगुळीत माणूस, माइकवर गरजला, "डॉक्टर बघतो कानात. मी बघतो आईच्या काळजात! आई, बाळाला घट्ट धर. आवाज तुझ्यातूनच त्याच्यात शिरणार!" आणि माझ्या पाठीमागं पुन्हा ती हातभर घंटा हाणली. बाळ पुन्हा वळलं.

मला आनंद झाला नाही असं नाही. अकरा महिने मी एकटीच बोलत होते. नवरा दूरच्या शहरात नोकरीला. फोनवर दिसायचा आणि अर्ध्या वाक्यात गोठायचा. भरवताना मी बोलायची, बाळ माझ्या ओठांकडे बघून हसायचं. मी पाठ फिरवली, की संपलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी व्हिडिओ सगळ्या नातलगांना पाठवला. मी दारात उभी राहून बाळाला हाक मारली. एकदा, दहादा. ते चमचा चोखत राहिलं.

"दमलंय ते," सासूबाई म्हणाल्या. "सारखी परीक्षा काय घेतेस लेकराची?"

दुसऱ्या दिवशी बाळाच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "गुरुवारी मोठ्या रुग्णालयातले संशोधक आपल्या दवाखान्यात येतायत. श्रवणयंत्र बसवल्यावर पुढची तपासणी तिकडे न नेता इथंच केली, तरी मुलं तिथल्याइतकंच बोलायला शिकतात का, हे त्यांना बघायचंय. यंत्र सगळ्यांनाच मिळेल. पण वर्षाच्या आतलीच मुलं घेतात, आणि तुमच्या बाळाला नऊच दिवस उरलेत."

"त्याला ऐकू येतंय आता!" सासूबाई मागून ओरडल्या.

"मग येऊन दाखवा की, आजी."

दवाखान्यातल्या एका खोलीच्या भिंतींना जाड फोम लावला होता. कान तपासणाऱ्या मुलीनं हेडफोन पुढं केले.

"मीच घेते मांडीवर," सासूबाई म्हणाल्या. "ही घाबरट. हिच्या धाकधुकीनं वळायचं नाही पोर."

"जरूर. पण हे घाला. यात गाणी लागतील."

"तपासायचं त्याला, आणि कान माझे झाकता?"

"हो."

सासूबाई गाण्यावर डोलू लागल्या. मागच्या स्पीकरमधून असा आवाज आला, की मी कोपऱ्यात दचकले. बाळ सासूबाईंच्या चष्म्याची दोरी चघळत होतं. चार वेळा आवाज झाला. चारही वेळा दोरीच.

"आता हेडफोन काढा."

आवाज झाला. सासूबाईंचे खांदे उडाले, मिठी आवळली, मान अर्धी वळली. बाळानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मग त्या बघत होत्या तिकडे वळलं.

"पुन्हा," सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच हेडफोन चढवले. बाळ हललं नाही.

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"मीच हलले गं," त्या म्हणाल्या.

हॉलमध्ये मी हलले होते. घंटा वाजली ती माझ्यासाठी. बाळानं फक्त माझं अंग वाचलं. 'आवाज तुझ्यातूनच त्याच्यात शिरणार' एवढंच काय ते बाबा खरं बोलला होता.

"यंत्रानं बोलेल ना तो?" मी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही," ती मुलगी म्हणाली. "बऱ्याच मुलांना फायदा होतो. किती, ते तपासत राहावं लागेल. अभ्यास नकोसा वाटला तर केव्हाही बाहेर पडा, उपचार थांबणार नाहीत."

इतक्या महिन्यांत खात्री देणारेच भेटले होते. 'माहीत नाही, बघत राहू' म्हणणारं हे पहिलं माणूस. मी संमतीपत्राची चारही पानं वाचली आणि सही केली.

घरी येऊन सासूबाई फोन घेऊन बसल्या. व्हिडिओ गेला होता त्या प्रत्येकाला एकेक करून सांगत राहिल्या, "नाही, त्याला ऐकू येत नाही." दर वेळी आवाज थोडा बसत गेला. शेवटचा फोन त्यांच्या धाकट्या बहिणीला होता; तिच्या नातीचा घंटाबाबाकडे येत्या रविवारचा नंबर लागला होता.

"जा, जा, मी अडवत नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण कानात गाणी लावून बस. मोठ्यानं लाव. शेजारणीला सांग, पोरगी वळते का बघ. नाही वळली तर रडत बसू नकोस, बाबाला विचारत बसू नकोस. उठ, आणि तशीच तिला तपासायला घेऊन जा."