लाइट गेल्यावरचा स्टुडिओ

अंड्यांचे ट्रे घरात येणार नाहीत, हे विमलाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"रिकामे असतात हो, आई. नुसता पुठ्ठा."

"असू दे. सत्यनारायण होतो त्या घरात, भिंतीला अंड्यांचे ट्रे? पंचवटीत तोंड दाखवायचंय मला."

तेजस्विनीने वाद घातला नाही. फिजिक्स शिकलेल्या तिला ठाऊक होतं, की खोलीचा घुमारा पुठ्ठ्यापेक्षा जाड कापड चांगला गिळतं. तिने सासूबाईंच्याच चार गोधड्या मागितल्या आणि माळ्यावरच्या खोलीत दोरीवर टांगल्या. माइक एका भजनी मंडळाचा, जुना. त्याच्यापुढे भरतकामाच्या रिंगमध्ये नायलॉनच्या साडीचा तुकडा ताणून बांधला, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये 'प' आणि 'फ' फटकन फुटत नाहीत. कॉम्प्युटर घरचाच, पाच वर्षांचा.

हे सगळं चाललं होतं शेजारच्या मीनासाठी. मीनाला दिसत नव्हतं, आणि यंदा ती दहावीत होती. "आकृत्या दिसत नाहीत तर विज्ञान सोड, असं सगळे म्हणतात," ती म्हणाली होती. "ताई, तुम्ही आकृती सांगा ना."

अंध मुलांसाठी पुस्तकं कॅसेटवर उतरवून घेणाऱ्या एका संस्थेला तेजस्विनीने आपल्या वाचनाचा नमुना पाठवला. उत्तर आलं: वाचन उत्तम, पण मागे सतत गुणगुण आहे. शनिवारपर्यंत स्वच्छ नमुना न आल्यास यंदा विज्ञानाचे पुस्तक घेता येणार नाही.

गुरुवारपर्यंत तिने वायरी बदलल्या, पंखा बंद केला, माइक खिडकीपासून दूर नेला. गुणगुण तशीच. शुक्रवारी साडेअकराला ती पुन्हा बसली. अर्धा धडा झाला आणि लाइट गेली. भारनियमन! कॉम्प्युटर विझला, वाचलेलं सगळं गेलं.

"झालं!" ती म्हणाली आणि डोकं धरून बसली.

मग तिच्या लक्षात आलं, की तिला स्वतःचा श्वास ऐकू येतोय. शेजारचा फ्रिज, खालची पिठाची गिरणी, समोरच्यांचा टीव्ही, कॉम्प्युटरचा पंखा, सगळं एकदम गप्प झालं होतं. इतके दिवस ती एकेक आवाज पकडत फिरत होती आणि रोज दुपारी तीन तास ते सगळेच सुट्टीवर जात होते!

"आई, टॉर्चमधले सेल द्या. आणि तुमचा भजनांचा टेप."

"टेप कशाला?"

"तो सेलवर चालतो."

विमलाबाईंनी दोन्ही आणून दिलं आणि न सांगताच खाली उंबऱ्यावर जाऊन बसल्या. भाजीवाल्याने हाळी देण्यासाठी तोंड उघडताच त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

वर घामाने निथळत तेजस्विनी वाचत होती: "भिंग कसं असतं? दोन्ही तळवे एकमेकांना लावा. आता मधून थोडे फुगवा, बोटांची टोकं आणि मनगटं चिकटलेलीच राहू द्या. तुमच्या हातात बहिर्वक्र भिंग आहे."

कॅसेट संध्याकाळच्या कुरियरने गेली. दहा दिवसांनी संस्थेचं पत्र आलं: पूर्ण पुस्तक करावे.

तेजस्विनीने वर्तमानपत्रातलं भारनियमनाचं वेळापत्रक कापून खोलीच्या दारावर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी बाराला पंखा गरगरत थांबला, गल्लीत चार घरांतून शिव्या ऐकू आल्या, आणि जिन्याखालून विमलाबाई ओरडल्या,

"गेली गं लाइट, तेजू! बस लवकर. मी आहे दारात."