गळालेल्या शून्याची तिकिटं

विमान कंपनीच्या फोनवाल्या खोलीत त्या सकाळी कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. आदल्या संध्याकाळी संगणकात तिकिटांचं भाडं भरताना एक शून्य गळालं होतं, आणि चूक ध्यानात येईपर्यंत दूरच्या शहराची तिकिटं चपलांच्या भावात विकली गेली होती. आता ती परत मागायची होती, तीही गोडीगुलाबीनं. साहेबांनी सगळ्यांना एक छापील मजकूर वाटला: आधी दिलगिरी, मग विनंती, मग पुढच्या प्रवासात थोडी सवलत.

"जबरदस्ती करायची नाही," साहेब म्हणाले. "ग्राहकानं आपणहून सोडलं तर उत्तम. नाही सोडलं तर काय करायचं ते वरचे ठरवतील."

खोलीतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर सूनबाई बसायची. सासूनं ठेवलेलं हे नाव शेजाऱ्यांनी उचललं, मग नवऱ्याच्या मित्रांनी, आणि आता तिलाही ते आपलंसं वाटत होतं. तिला हे काम जिवावर आलं होतं. पण ज्या मुलीच्या हातून ते शून्य गळालं ती चष्मेवाली सकाळपासून प्रसाधनगृहात रडत होती. तिच्यासाठी तरी चार लोकांना गळ घालू, असं म्हणून सूनबाईनं फोन कानाला लावला.

नंबर संगणकच फिरवायचा. पलीकडून कुणी बोललं, की मग समोर ग्राहकाचं नाव उमटायचं. पहिल्यानं हसून फोन ठेवला, दुसऱ्यानं वकिलाची धमकी दिली. तिसरा फोन लागला.

"नमस्कार, पडद्यांचं दुकान."

दुकान सासूबाईंचं होतं आणि आवाजही त्यांचाच. समोर नाव उमटलं तेही त्यांचंच. तीन तिकिटं: सासूबाई, त्यांची थोरली बहीण आणि मधली बहीण. सगळ्यात धाकटी लग्न होऊन त्या दूरच्या शहरात गेली होती, तिच्याकडे जायचा बेत असणार. घरात मात्र त्याचा कुणाला पत्ता नव्हता.

"मी विमान कंपनीतून बोलतेय," सूनबाई कसंबसं म्हणाली. "हा कॉल रेकॉर्ड होतोय."

पलीकडे कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"असं का," सासूबाई म्हणाल्या. "मग नीट बोलायला हवं. बोला मॅडम."

सूनबाईनं मजकूर वाचला. दिलगिरी झाली, विनंती झाली, सवलतही सांगून झाली.

"मॅडम, एक विचारू? मागच्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीनं तिकीट काढताना चुकीची तारीख टाकली. पाच मिनिटांत तुम्हाला फोन केला. तुम्ही काय म्हणालात?"

"नियमाप्रमाणे बदलता येत नाही," सूनबाई पुटपुटली. रोज दहा जणांना ती हेच सांगायची.

"म्हणजे आम्ही चुकलो की नियम, आणि तुम्ही चुकलात की विनंती. बरं, भाव बघून मला कळायला हवं होतं म्हणता? तुमच्या जाहिराती रोज अर्ध्या किमतीत फिरवून आणायच्या गोष्टी करतात. त्यातली खरी कुठली, चुकून पडलेली कुठली, ते आम्ही वासावरून ओळखायचं का?"

"नाही, बरोबर आहे तुमचं."

"मग तिकिटं माझ्याकडेच राहू दे. आणि मॅडम, आवाज बसलाय तुमचा. गरम पाणी प्या."

फोन ठेवून सूनबाई तडक साहेबांकडे गेली आणि ग्राहक आपल्या सासूबाई आहेत हे सांगून मोकळी झाली. साहेबांनी रेकॉर्डिंग ऐकलं, मध्येच दोनदा खोकले आणि म्हणाले, "घरी तुम्ही कशा राहता हो?"

"मजेत," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

संध्याकाळी ती घरी न जाता थेट दुकानात गेली. सासूबाई जमिनीवर कापड पसरून अस्तर बेतत होत्या. नवरा आधीच येऊन बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मजल्यांच्या मध्ये अडकलेल्यांना सोडवण्यात त्याचा हातखंडा होता. या दोघींच्या मध्ये मात्र तो कधी पडत नसे.

"आई, मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू कंपनीत सवलत मागितली असतीस. सुनेच्या नोकरीवर विमानात बसायचं मला नको होतं. स्वस्त मिळालं, घेतलं."

"आणि तुमच्याच दुकानात असा भाव चुकला असता तर?"

सासूबाईंनी खडू खाली ठेवला. "पैसे घेण्याआधी कळलं असतं तर सांगितलं असतं, की बाई, माझी चूक झाली. गिऱ्हाईक कुरकुरलं असतं, पण ऐकलं असतं. पैसे घेऊन कापड कापलं, की मग तो भाव माझा. पदरचे गेले तरी."

"आणि भाव चुकीचा लिहिणाऱ्या मुलीची नोकरी गेली असती तर?"

हे त्यांना ठाऊक नव्हतं. सूनबाईनं चष्मेवालीचं सगळं सांगितलं. सासूबाई ऐकत राहिल्या, मग उठून खिडकीपाशी गेल्या, उगीचच एक पडदा सारखा केला.

"आता तू मला अडकवलंस," त्या म्हणाल्या. "थोरलीनं बॅगसुद्धा आणलीय. बॅगेला चाकं आहेत म्हणून घरभर फिरवतेय."

नवऱ्याला हसू आवरेना. सूनबाई मात्र विचारात पडली होती. कंपनीला सगळ्यात जास्त झोंबत होतं ते एकच: सगळ्यांनी सुट्टीचे दिवस धरले होते, आणि त्या दिवसांत पूर्ण भाडं देणारे रांगेत उभे असतात. एरवी, आठवड्याच्या मधल्या दिवशी, तेच विमान अर्धं रिकामं उडायचं.

"आई, मधल्या वारी जाल? सुट्टी संपल्यावर? भाडं तेच."

"आम्हाला कसली सुट्टी? आम्ही तिघी कधीही मोकळ्या." सासूबाई लगेच दुकानदारीवर आल्या. "पण शेजारी शेजारी बसवायचं. आणि त्या मुलीला कामावरून काढायचं नाही."

"दुसरं माझ्या हातात नाही."

"तुझ्या साहेबांच्या असेल. विचारून तर बघ."

सूनबाईनं दुसऱ्या दिवशी विचारलं. साहेबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग कागद पुढं ओढला, मग तो घेऊन वर गेले. वर बरीच खडाजंगी झाली म्हणे. एकानं तिकिटं सरळ रद्द करायचा हट्ट धरला होता. पण धमक्यांचा ढीग वाढत चालला होता, आणि रिकाम्या खुर्चीत कुणी बसलं तर कंपनीचं फारसं काही जात नव्हतं. शेवटी ठरलं: दिलेली तिकिटं पाळायची. जे आपणहून गर्दीचा दिवस सोडतील त्यांना बॅगेचं भाडं माफ.

पुन्हा फोन सुरू झाले, आणि या वेळी लोक ऐकून घेऊ लागले. सगळे नाही. वकिलाची धमकी देणारा आपल्या तारखेला चिकटून बसला, आणि त्याला त्याच तारखेला नेलं. पण निम्म्याहून जास्त जणांनी दिवस बदलला. चष्मेवालीला महिनाभर दुसऱ्या टेबलावर बसवलं, तेवढ्यावर भागलं. सासूबाईंच्या तिकिटांचं काम साहेबांनी स्वतः केलं; घरच्या माणसांचं सूनबाईनं करायचं नाही, हा नियम होता आणि तिलाही तो पटत होता.

निघायच्या दिवशी तिघी बहिणी विमानतळावर वेळेच्या कितीतरी आधी हजर. थोरली बॅग कुणाच्या हाती देईना, मधलीला खिडकी हवी होती, आणि सासूबाई दोघींना गप्प करता करता स्वतःच सगळ्यात मोठ्यानं बोलत होत्या. चष्मेवाली सुट्टी काढून मुद्दाम आली होती. सूनबाईनं तिची ओळख करून दिली. सासूबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"तूच का ती? एवढीशी पोर." त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्यामुळं आम्ही चौघी एकत्र येतोय. पण पुढच्या वेळी शून्य मोजून घाल हो."

चष्मेवाली रडत रडत हसली.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला फोन वाजला. चौघी बहिणी एकदम बोलत होत्या. कुणी ढग कसे दिसले ते सांगत होती, कुणी धाकटीचे केस पिकल्याचं, आणि धाकटी म्हणत होती की पिकलेले नाहीत, उजेड तसा आहे. सूनबाईनं दोनदा "आई" म्हणून पाहिलं, पण तिला तिथं कोण विचारतंय. तिनं फोन टेबलावर मधोमध ठेवला, नवऱ्याला वाढलं, स्वतःला वाढून घेतलं, आणि दोघं ऐकत ऐकत जेवू लागले.