सातव्या डॅनची लाथ

मी बोलतोय, लाथा खाऊन मोठा झालेला एक किक-पॅड. हळहळू नका. लाथा खाणे हाच माझा धंदा आहे आणि मला त्याचा भलताच गर्व आहे.

जुन्या इंदुरात स्कूटरच्या सीटा शिवणाऱ्या नथूने मला बनवले. बुद्धरत्न सरांनी त्याला माप दिले आणि मागे हात अडकवायला दोन पट्टे सांगितले, तेव्हा तो डोके खाजवत म्हणाला, "सरजी, ही कोणत्या गाडीची सीट?"

"लाथ खाणारी सीट आहे, भिया," सर म्हणाले. माझे बारसे झाले ते असे.

सर दिवसभर सांवेर रोडच्या कारखान्यात लेथ मशीन चालवत आणि संध्याकाळी बुद्धविहाराच्या हॉलमध्ये तायक्वांदो शिकवत. राष्ट्रीय स्पर्धेत तीनदा सुवर्णपदक जिंकलेला हा माणूस, पण पोरांसमोर मला छातीशी धरून स्वतः उभा राही. ते सांगत, लाथ येताना पॅड धरणाऱ्याने अंग चोरायचे नाही, उलट थोडे पुढे यायचे. पॅड मागे गेला की मारणाऱ्याचा तोल गेलाच. त्या हॉलमधली पोरेपोरी पुढे देशासाठी खेळली, फौजेत गेली, कोच झाली. सगळ्यांच्या पहिल्या लाथा माझ्या पोटात आहेत.

या गडबडीत सर स्वतः मात्र ब्लॅक बेल्टच्या सहाव्या डॅनवरच, म्हणजे सहाव्याच पायरीवर राहिले. सातव्याच्या परीक्षेचे वर्ष आले की नेमकी पोरांची एखादी स्पर्धा आडवी येई. शेवटी निवृत्त झाले, गुडघ्याचे ऑपरेशन झाले, आणि सहासष्टाव्या वर्षी डॉक्टरांना विचारून त्यांनी फॉर्म भरला. "ही शेवटची बारी," असे ते घरी म्हणाले.

सरावाला मला धरायची धम्मदीना, त्यांची मुलगी आणि आता त्याच हॉलची कोच. सरांनी पाय उचलला की ती नकळत मला मागे घ्यायची. बापाच्या गुडघ्याला धक्का नको म्हणून! सर धाडकन आपटायचे. मला तिचा राग यायचा, पण तिचे काळीज माझ्या पाठीशीच धडधडत असे, मग तो राग मी गिळून टाकायचो.

परीक्षेच्या दिवशीही तिने मला ढिलेच धरले होते. सर जवळ आले.

"बेटा, ढीला नको पकडू. तू मागे सरकते ना, तेव्हाच मी गिरतो."

"बाबा, पण गुडघा..."

"इथे बाबा नाही. सर बोल."

"जी सर," ती म्हणाली आणि तिने पाय रोवले.

लाथ आली. धम्मदीना तिच्यावर चालून गेली. असा दणका बसला की माझी शिवण फाटली, फोम बाहेर आला, आणि मी आनंदाने वेडाच झालो! सर ताठ उभे होते. परीक्षक उठून त्यांच्यापुढे वाकले. सातवा डॅन! धम्मदीना तर मला टाकून बापाच्या गळ्यातच पडली.

आता मी विहारातल्या कपाटावर पडून असतो. खाली सर नवा लाल पॅड घेऊन रोज पोरांपुढे उभे राहतात. माझे मागणे एवढेच आहे. तुमच्या घरात कोणी उतारवयात पुन्हा पाय उचलू लागले, तर मायेपोटी मागे सरकू नका. खा ती लाथ. फार गोड लागते.