झऱ्याला वास का नव्हता

वसाहतीच्या मागच्या कुंपणापाशी झरा फुटला आणि माणसं बाटल्या, कॅन, बादल्या घेऊन तिकडे धावत सुटली. झऱ्याशी एक बुवा दक्षिणेची थाळी पुढ्यात घेऊन ठाण मांडून बसला होता.

"प्या! पोटातलं पाप धुऊन निघेल! ज्याच्या मनात शंका, त्यालाच बाधतं!"

म्हणजे जुलाब झाले तर दोष पिणाऱ्याचा. धंदा चोख होता.

जुलाब तर होतच होते. दवाखान्यात एकही खाट रिकामी नव्हती आणि त्यातल्या एका खाटेवर डॉक्टरीणबाईंची सख्खी भाची निपचित पडली होती. हाताला सलाइन लावलेलं, आणि तिचा बाप, बाईंचा भाऊ, तिला बाटलीतलं झऱ्याचं पाणी चमच्यानं पाजत होता.

"काय करतोयस हे?"

"ताई, बघ तरी, किती नितळ आहे!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीकडे लक्ष द्यायला नर्सला बजावून त्यांनी बाटली हिसकावली, भावाला दंड धरून कुंपणापाशी नेलं आणि गर्दीदेखत झऱ्यावरचे दगड उचलून फेकले. खाली पाइप निघाला. पाइपाच्या मागोमाग सगळे इमारतींमागच्या बंद लोखंडी टाकीशी येऊन थांबले.

बाईंनी झाकणं उघडली. "हे तुमच्या संडासांचं पाणी. पहिल्या कप्प्यात जाळी कचरा अडवते. दुसऱ्यात खालून हवा सोडतात, त्या हवेवर वाढणारे जंतू घाण खातात. तिसऱ्यात गाळ तळाशी बसतो आणि वरचं नितळ पाणी पुढे जातं. नितळ, पण रोगाचे जंतू असलेलं! ते मारायला शेवटी क्लोरीन घालतात, आणि तरीही ते फक्त झाडांना द्यायचं असतं." त्यांनी क्लोरीनचं पिंप हलवलं. "हे भरलेलंच कसं?"

टाकीवरचा कामगार चाचरला. "बुवा म्हणाले, क्लोरीनचा वास आला तर लोक ओळखतील. बंद ठेव."

कुणी ओकायला लागलं, कुणी शिव्या द्यायला. बाईंनी बाटली बुवापुढे धरली. "तुमच्या मनात तर शंका नाही. प्या."

"आज... माझा निर्जळी उपास आहे."

लोकांनी त्याचं तोंड पहिल्या कप्प्यात बुचकळलं. बाईंनी अडवलं, पण सावकाश.

दवाखान्यात परतल्या तेव्हा नर्सनं पोरीच्या तोंडावर चादर ओढली होती.

"ताई, माझ्या हातानं पाजलं गं!" भाऊ भिंतीवर डोकं आपटू लागला.

त्याला पोटाशी धरावं, असं बाईंना फार वाटलं. पण दारात अजून बाटल्या घेतलेली माणसं उभी होती.

"हो, तूच पाजलंस," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "पाणी येतं कुठून, एवढं विचारलं असतंस तर पोर जगली असती. आणि तुम्ही, पुढचा घोट घेण्याआधी विचारा."