एका खुर्चीचा मॉनिटर

पौर्णिमाच्या मॉनिटरवर आधी एक हिरवी रेघ आली. वरपासून खालपर्यंत सरळ, फूटपट्टी धरून ओढल्यासारखी. आठवडाभर तिनं त्या रेघेला सांभाळून घेतलं. मग एकीच्या चार झाल्या, आणि मार्चअखेरच्या एका गुरुवारी सकाळी, पोलीस भरतीच्या सराव पेपरचा एकोणतिसावा प्रश्न टाइप करताना पडदा काळा पडला तो पडलाच. तिनं वायर काढून पुन्हा लावली, मागच्या बाजूला दोन थापट्या मारल्या. काही उपयोग झाला नाही.

पौर्णिमा सदतीस वर्षांची. अमरावतीत राजापेठच्या मागे वडिलांनी घेतलेल्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि तीन-चार क्लासवाल्यांना प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायची. तलाठी, पोलीस भरती, ग्रामसेवक, जी परीक्षा निघेल तिच्या. काम घरूनच. क्लासचे लोक हातानं लिहिलेल्या पानांचे फोटो मोबाइलवर पाठवायचे, ती टाइप करून परत पाठवायची. कधी कधी दोन-दोन दिवस तिचा आवाज दूधवाल्याशिवाय कोणाला ऐकू जायचा नाही. लग्नाचं जमलं नव्हतं. आईच्या आजारपणात बोलणी मागे पडली आणि आई गेल्यावर बोलणी करणारंच कोणी उरलं नाही.

आणि ती गेम खेळायची. हे फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. धाकटा भाऊ श्याम अकरावीत असताना घरात कॉम्प्युटर आला, तेव्हापासूनची सवय. दोघांचा आवडता खेळ म्हणजे मोटारींची रॅली. एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं शेजारी बसून नकाशा वाचायचा आणि पुढचं वळण आधीच सांगायचं. गाडी श्यामची, नकाशा पौर्णिमाचा. श्याम लग्न करून अकोल्याला गेल्यावरही इंटरनेटवरून दोघं वर्षभर खेळले. मग त्याला मुलगी झाली, कामही वाढलं. "ताई, आता वेळच भेटत नाई वं. खेळणं तं बंदच झालं माह्यं," असं तो म्हणाला त्याला दोन वर्षं होत आली होती. तेव्हापासून ती एकटीचे खेळ खेळायची, शेताचे, शहर वसवायचे. रॅली तिनं उघडली नव्हती. गाडी तिला चालवता यायची नाही.

नव्या मॉनिटरसाठी तिच्याकडे बारा हजार होते, त्याच्या वर एक रुपया नाही. ती जयस्तंभ चौकातल्या एका दुकानात गेली.

"मुलासाठी घेता का मॅडम?" काउंटरवरच्या माणसानं विचारलं.

"नाही. माझ्यासाठीच."

"ऑफिसच्या कामाले?"

"टायपिंगला. आणि गेमला."

त्यानं एकदा तिच्याकडे, एकदा तिच्या हातातल्या भाजीच्या पिशवीकडे पाहिलं आणि सत्तावीस इंची, धनुष्यासारखा वाकलेला एक मॉनिटर चालू केला. पडद्यावर पोपट उडू लागले. किंमत तिच्या बजेटच्या दीडपट होती. तिनं दुसरे दाखवायला सांगितले तर तो पुन्हा पोपटच लावू लागला. "भावाला विचारून सांगते," असं म्हणून ती निघाली. हे निमित्त नव्हतं. तिला खरंच भावाला विचारायचं होतं.

श्यामनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. "तू असं कर, रविवारी अकोल्याले ये. इथं गजेंद्रभाऊचं दुकान हाय, ओळखीतलं. मी येतो ना संगं. तोवर मी यादी काढून ठेवतो."

शुक्रवार-शनिवारचं काम तिनं ओळखीच्या एका सायबर कॅफेत बसून उरकलं आणि रविवारी सकाळच्या एसटीनं निघाली. मूर्तिजापूरपर्यंत ती मोबाइलवर मॉनिटरचीच माहिती वाचत होती. कॉम्प्युटरमधलं जुनं ग्राफिक कार्ड श्यामनंच कधीतरी सेकंडहँड आणून बसवलेलं. ते सेकंदाला नव्वद चित्रांच्या वर जात नव्हतं. म्हणजे सेकंदाला एकशे ऐंशी चित्रं दाखवणारा, एकशे ऐंशी हर्ट्झवाला मॉनिटर घेऊन पैसे वायाच जाणार होते. शंभरचा पुरेसा होता. तिचं जवळजवळ ठरलं होतं. तरी श्यामसोबत उभं राहून ठरवायचं, या विचारानंच तिला बरं वाटत होतं.

घरी मोनालीनं, श्यामच्या बायकोनं, दार उघडलं. "या ताई, बसा. हे पोरीले घेऊन केस कापाले गेले, येतीलच. तुमच्यासाठी यादी काढून ठेवली बरं का त्यायनं. तिथं कॉम्प्युटरवरच हाय, पाहून घ्या. मी चहा टाकतो."

आतल्या खोलीत श्यामचं टेबल होतं. त्यावर मोठा नवा मॉनिटर, हेडफोन, आणि टेबलाच्या कडेला घट्ट बसवलेलं एक काळं स्टिअरिंग. पौर्णिमा त्या स्टिअरिंगकडे बघत खुर्चीवर टेकली. पडद्यावर यादी उघडीच होती. सहा मॉनिटर, प्रत्येकाचा भाव, कोणत्यात काय कमी आणि काय जास्त, सगळं नीट मांडलेलं. श्यामनं चांगले दोन तास घातले असणार. यादीच्या मागे दुसरी खिडकी अर्धवट दिसत होती. तिनं माउस हलवला नाही, हलवायची गरजच पडली नाही. तीच रॅली होती. श्यामचं नाव, खाली 'शुभमसोबत: सहाशे बारा तास', आणि कोपऱ्यात नुकताच आलेला निरोप: 'शुभम: भाऊ, दुपारी येता का? काल मी वळण चुकवलं, सॉरी.'

सहाशे बारा तास. आपले दोघांचे मिळून किती झाले असतील, याचा हिशोब तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि तिनं तो तिथंच थांबवला. मोनाली चहा घेऊन आली तेव्हा ती भिंतीवरचा पोरीचा फोटो पाहत होती.

"दिसली का यादी?"

"दिसली. छान काढली आहे."

श्याम आला. मुलगी नवे केस दाखवत आत्याच्या मांडीवर येऊन बसली. जेवणं झाली. पौर्णिमानं दोनदा भाजी मागून घेतली, कारण काही ना काही बोलायला हवं होतं. मग बहीण-भाऊ मोटरसायकलवरून दुकानाकडे निघाले. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. श्याम मागे मान वळवून काही सांगत होता, पण वाऱ्यात तिला अर्धंच ऐकू येत होतं.

गजेंद्रभाऊ पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेले. श्यामला पाहताच हसले. "या श्यामभाऊ! कसा चालून राहिला मॉनिटर? अन् स्टिअरिंग? शुभमभाऊनं तं पाहून तसंच नेलं ना हो परवा. दोघं मिळून लय गाडी पळवून राहिले म्हणते."

श्यामनं काउंटरवरचं बिलबुक उचललं आणि पुन्हा तिथंच ठेवलं. पौर्णिमा म्हणाली, "मला मॉनिटर पाहायचा आहे. बारा हजाराच्या आत."

तिनं पर्समधून पेन ड्राइव्ह काढला आणि पोपट नकोत म्हणून सांगितलं. पेन ड्राइव्हमध्ये तिचा तलाठी भरतीचा पेपर होता. गजेंद्रभाऊंनी कौतुकानं मान हलवली आणि पाच मॉनिटरवर आळीपाळीनं तोच पेपर उघडून दाखवला. सत्तावीस इंचीवर अक्षरं मोठी होती पण फाटल्यासारखी दिसत होती. 'कर्तव्य' मधला रफार 'त'वर आहे की 'व्य'वर, कळत नव्हतं. ती म्हणाली, "हा नको. दिवसभर यावरच बघायचं आहे मला."

"बरोबर हाय तुमचं. मंग चोवीस इंची घ्या. हा पाहा, हा स्वस्तात पडते." त्यांनी एक बारीक कडांचा मॉनिटर पुढे ओढला. "समोरून एकदम बढिया. बाजूनं पाह्यलं तं रंग उडतात थोडे. तुमच्या घरी समोर एकच माणूस बसते का बाजूलेही कोणी असते?"

"एकच."

श्याम बाजूलाच उभा होता. तो वाकून म्हणाला, "ताई, इथून तं सगळं पांढरंच दिसून राहिलं. हा नको घेऊ."

"तिथं कोण बसणार आहे?" पौर्णिमानं विचारलं.

तिनं आवाज चढवला नव्हता. पण गजेंद्रभाऊंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि उगाच एक वायर गुंडाळायला लागले. श्यामचे कान लाल झाले होते. लहानपणीही असेच व्हायचे.

पौर्णिमा पडद्याकडेच बघत राहिली. एकटीच बसणार असली तरी ती दिवसभर सरळ बसायची नाही; पाठ दुखली की खुर्चीत कलून, एक पाय वर घेऊन काम करायची. ती तशी कलली. कोपऱ्यातल्या ओळी फिक्या पडल्या. "नाही, दुसरा दाखवा," ती म्हणाली. शेवटी तिनं बाजूनंही रंग न उडणाऱ्या आयपीएस पडद्याचा, शंभर हर्ट्झचा चोवीस इंची घेतला. श्याम म्हणाला, "थोडे पैसे मी टाकतो, एकशे ऐंशीवाला घे ना. पुढं कार्ड बदललं तं कामात येईल." तिनं कार्ड बदलणार नसल्याचं सांगितलं आणि स्वतःचेच पैसे दिले.

बसस्टँडवर अमरावतीच्या गाडीला वीस मिनिटं होती. दोघं बाकावर बसली, मध्ये खोकं.

"तुला वेळ नाही म्हणाला होतास," ती म्हणाली.

"हो."

"मी दोन वर्षं ते खरंच समजत होते. मोनालीला एकदा म्हणालेही, श्याम फार दमतो ग."

श्यामनं खोक्यावरची चिकटपट्टी नखानं खरवडली. मग म्हणाला, "आईच्या शेवटच्या वर्षात आपण कसे खेळत होतो, आठवते? आवाज बंद करून. तू हळू आवाजात सांगायची, पुढं डावं, मंग उजवं. अन् आत आई खोकलत राहायची."

"आठवतं."

"तुह्या तोंडून वळण ऐकलं ना ताई, का मले आईचं खोकलणं ऐकू येते. इथं अकोल्यातही. पहिले वाटलं जाईल हळूहळू. नाई गेलं. शुभमसंगं खेळतो तं काही ऐकू येत नाई. नुसता खेळ असते."

"मग तसं सांगायचं."

"कसं सांगू? तुह्या आवाजानं मले तरास होते, असं सांगू?"

त्याच दिवसांतलं पौर्णिमाला वेगळंच आठवत होतं. आईला थोडी झोप लागायची, आणि त्या अर्ध्या तासात भाऊ शेजारी असायचा, हातावर हात आपटून हसायचा. त्या वर्षातला तेवढाच वेळ तिनं जपून ठेवला होता. खुर्चीला खुर्ची लावून बसलेल्या दोघांनी दोन निराळ्या गोष्टी घरी नेल्या होत्या, आणि आतापर्यंत तिला ते माहीतही नव्हतं. त्याच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

"शुभमला वळणं नीट सांगता येतात का?" तिनं विचारलं.

श्यामला हसू आलं, डोळे पुसता पुसता. "नाई वं. लय उशिरा सांगते. रोज खड्ड्यात जातो आमी."

तीही हसली. गाडी लागली. श्यामनं खोकं वर चढवून दिलं, कंडक्टरला "भाऊ, काच हाय, सांभाळून" असं सांगितलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. पौर्णिमानं हात हलवला. मूर्तिजापूर आलं, गेलं. शेजारच्या बाईनं "टीव्ही घेतला काय?" विचारलं, तेव्हा ती हो म्हणाली. समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

घरी आल्यावर तिनं खोकं उघडलं, स्टँडचे दोन स्क्रू बसवले, वायर जोडली. मॉनिटर कारखान्यातून आला तसा भगभगीत होता. उजेड निम्म्यावर आणल्यावर डोळ्यांना बरा वाटला. सोमवारचा पेपर अर्धा राहिला होता तो पूर्ण केला. अक्षरं स्वच्छ दिसत होती. श्यामचा 'पोचली का?' आला, तिनं 'पोचले' लिहिलं. त्यानं अंगठा पाठवला.

त्यानंतर श्याम दर रविवारी फोन करू लागला. पोरीच्या शाळेचं, मोनालीच्या शिवणाच्या क्लासचं, ऊन किती तापलं त्याचं बोलणं व्हायचं. खेळाचं बोलणं दोघांनीही काढलं नाही. फोन ठेवल्यावर खोली आधीपेक्षा जरा जास्तच शांत वाटायची, म्हणून ती लगेच पंख्याचा वेग वाढवायची.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात क्लासला सुट्ट्या लागल्या आणि कामं थांबली. दुपार सरता सरत नव्हती. एके दिवशी तिनं रॅली उघडली, नव्या नावानं खातं काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडी स्वतः चालवायला घेतली. नकाशा वाचायला खेळातलाच एक यांत्रिक आवाज होता. तो तिनं बंद केला. वळणं तिला सगळी पाठ होती. कुठं रस्ता अरुंद होतो, कुठं पुलानंतर एकदम उजवीकडे घ्यायचं, सगळं. बोटं मात्र ऐकायची नाहीत. पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा खड्ड्यात गेली. दुसऱ्या दिवशी नऊ वेळा.

"पुढं डावं," ती स्वतःलाच म्हणाली, मोठ्यानं, आणि रिकाम्या खोलीत आपला आवाज ऐकून क्षणभर दचकली. मग पुन्हा म्हणाली. गाडी वळली, थोडी घसरली, आणि रस्त्यावर राहिली.